शायनिंग की पाया? खाशाबा जाधव आणि कोल्हापूरच्या लाल मातीचा हिशेब

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. ऐकताना नावं आणि सालं निसटून जातात, म्हणून इथं जरा नीट मांडून देतोय.

कॉलेजच्या ग्राउंडवर बास्केटबॉलची मॅच बघितलीय ना कधी? प्रत्येक टीममध्ये एक गडी असतोच. बॉल पायांमधून काढणार, मान एकीकडं आणि पास दुसरीकडं, बास्केट झाली की पब्लिककडं बघून हात वर. शिट्ट्या त्यालाच. त्याच टीममध्ये दुसरा एक असतो. छातीजवळून दोन्ही हातांनी साधा पास देतो, आणि बॉल गेला की गुपचूप डिफेन्सला पळतो. त्याचं रील कुणी काढत नाही. पहिल्यासाठी आपल्याकडं एकदम नेमका शब्द आहे: शायनिंग मारतोय. दुसऱ्यासाठी वेगळा शब्दच नाही. ‘बरा खेळतो’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

शायनिंग मोठी की पाया मोठा, हा वाद बास्केटबॉलपुरता नाही. कोल्हापुरात तो लाल मातीत खेळला गेलाय, आणि त्यातला सगळ्यात भारी अध्याय एका कॉलेजच्या पोराचाच आहे. खाशाबा दादासाहेब जाधव, राजाराम कॉलेज, कोल्हापूर. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा माणूस. १५ जानेवारी २०२३ ला गूगल उघडल्यावर डूडलवर जो पैलवान दिसला होता, तोच.

खासबागेतली हवा

आधी मैदान समजून घेऊया. छत्रपती शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं. तसं काहीतरी आपल्या पैलवानांसाठी पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९०७ ला काम सुरू झालं आणि १९१२ ला खासबाग मैदान तयार झालं. मधोमध मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बसायची जागा. कुठंही बसा, हौदा दिसणार म्हणजे दिसणार. हजारो माणसं एकाच वेळी एकच कुस्ती बघू शकतील, अशी ती सोय होती.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मैदान बघणाऱ्यांसाठी बांधलं की खेळसुद्धा बघणाऱ्यांकडं तोंड करतो. हलगी कडाडते. पैलवान लांग कसून हौद्यात उतरतो, माती कपाळाला लावतो, मैदानाला फेरी मारतो आणि शड्डू ठोकतो. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. शड्डू म्हणजे आव्हान, पण तो तमाशाचा भागही आहेच. फेटा, इनाम, वस्तादाचं नाव, तालमीची इज्जत, सगळं त्या दोन मिनिटांत उभं राहतं.

ह्याला नुसता दिखाऊपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. पैलवानाचं पोट ह्यावर चालायचं. खुराक महाग. दूध, तूप, बदाम, थंडाई हे रोज लागतं. राजाश्रय असेपर्यंत दरबार बघायचा. नंतर मैदानाचं इनाम, गावची वर्गणी आणि पब्लिकचं प्रेम ह्यावरच गाडी. ज्याच्या नावानं मैदान भरतं त्याला जोड चांगली लागते, इनाम मोठं लागतं. म्हणजे शायनिंगला बाजारभाव होता. आज फॉलोअर्सला असतो तसाच.

आणि पब्लिकला काय हवं असायचं? निकाली कुस्ती. समोरच्याला चितपट करा, अस्मान दाखवा. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. पाठ लागली नाही तर दोघं एकमेकांना रेटत राहणार, आणि फारच लांबली तर पंच बरोबरीत सोडवणार. मधल्या झटापटीत कोण जास्त वेळ वर होता, कोणी किती वेळा पट काढला, कोणी कब्जा घेतला, ह्याचा हिशेब कुठं मांडलाच जायचा नाही. जे मोजलं जात नाही, त्याचा सराव हळूहळू मागं पडतो.

तालमीतली न दिसणारी कुस्ती

ह्याच कोल्हापुरात दुसरी कुस्तीपण होती, तिला पब्लिक नव्हतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींत पहाटे सुरू व्हायची ती. जोर, बैठका, हौदा उकरणं, मग जोडीदाराबरोबर लढत. एकच पट, एकच आकडी पुन्हा पुन्हा, वस्तादाचं समाधान होईपर्यंत. मातीत ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ ठेवायची. ही कामं पोरंच करायची. इथं शड्डूला किंमत नाही. पाय कुठं ठेवलास, मान कुठं आहे, वजन कोणत्या पायावर आहे, एवढंच.

खाशाबा ह्या दुसऱ्या कुस्तीतून आले. जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराड तालुक्यातलं गोळेश्वर गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळं माती घरातूनच आली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजींचं मार्गदर्शन मिळालं.

अंगानं मात्र ते अगदीच बेताचे. आपल्या डोक्यात पैलवान म्हटलं की जे चित्र येतं, दाराएवढी छाती आणि खांबासारखी मान, तसलं काही नव्हतं. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणून ते क्रीडाशिक्षकांकडं गेले, तर त्यांनी शरीरयष्टी बघूनच नकार दिला. मग हे थेट प्राचार्यांकडं. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर तेव्हा प्राचार्य होते. त्यांनी परवानगी दिली. आणि ह्या किरकोळ पोरानं स्वतःपेक्षा दांडगे दिसणारे एकेक गडी पाडले.

ह्या प्रसंगात मला जास्त रस वेगळ्या कारणासाठी आहे. क्रीडाशिक्षक काही वाईट माणूस नव्हता. त्यानं जे डोळ्यांना दिसतं त्यावरून निर्णय घेतला. शायनिंगची अडचण नेमकी हीच आहे. ती फक्त पब्लिकला फसवत नाही, निवड करणाऱ्यालाही फसवते.

आता गंमत बघा. खाशाबांचा हुकमी डाव कोणता? ढाक. समोरच्याची मान काखेत घट्ट धरायची आणि त्याला उचलून पाठीवर आपटायचं. बघायला ह्याच्याइतका देखणा डाव कमीच. आज कुणी मारला तर मोबाईल वर होतील. म्हणजे खाशाबा काही कोरडे, कंटाळवाणे खेळाडू नव्हते. पण ढाकेच्या आधी पकड लागते, पाय योग्य जागी सरकावा लागतो, समोरच्याचं वजन पुढं येण्याचा क्षण ओळखावा लागतो. ते सगळं जमलं की शेवटी जे घडतं ते भारी दिसतं. ते जमलेलं नसताना ढाक मारायला गेलात, तर पाठ तुमचीच लागते.

लंडन: जमीनच बदलली

१९४८ साली लंडन ऑलिम्पिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाला मदत केली आणि खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोखाली, उतरले. तिथं पोचल्यावर पायाखाली माती नव्हतीच. मॅट होती. आपल्याकडं तिला गादी म्हणतात.

फरक किती मोठा आहे ते सांगतो. मातीत पाय थोडा रुततो, त्यामुळं हालचाल जड आणि ताकदीला महत्त्व. गादीवर पाय रुतत नाही, वेग वाढतो. मातीत घामावर माती लागते आणि पकड टिकते. गादीवर घामानं हात सटकतो. मातीत वेळेचं बंधन ढिलं, गादीवर घड्याळ चालू. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाठ लागली नाही तरी पंच निकाल देणार. जो मधला हिशेब खासबागेत कुणी मांडत नव्हतं, तो इथं मांडला जाणार.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेमो वेगळा आणि प्रॉडक्शन वेगळं. डेमोत कुठलं बटण दाबायचं ते आपण ठरवतो. प्रॉडक्शनमध्ये बटण दुसराच दाबतो, आणि तेही आपण विचार केला नसेल अशा वेळी. लंडनमध्ये खाशाबा थेट प्रॉडक्शनला गेले.

रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना ऑलिम्पिकआधी तयार केलं होतं. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच हरवलं, मग अमेरिकेच्या बिली जर्निगनला. इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि स्पर्धेबाहेर पडले. एकूण सहावा नंबर. आयुष्य मातीत गेलेल्या २२ वर्षांच्या पोरानं गादीवर जगात सहावं येणं ही छोटी गोष्ट नाही.

इथं जरा अमेरिकेला जाऊन येऊया, कारण जमीन बदलली की काय होतं त्याचं बास्केटबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॉलेजचंच आहे. १९६६-६७ च्या मोसमात यूसीएलए ह्या विद्यापीठाच्या संघात लू अल्सिंडॉर नावाचा सात फुटांवरचा विद्यार्थी आला. संघानं ३० पैकी ३० मॅच जिंकल्या. त्याच मोसमानंतर अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. खेळातला सगळ्यात देखणा, सगळ्यात जास्त शिट्ट्या घेणारा प्रकार नियमानं काढून घेतला.

अल्सिंडॉर संपला का? त्यानं हुक शॉट घोटला. एका हातानं, कडेला वळून, उंचावरून सोडलेला साधा शॉट. पुढं तो करीम अब्दुल-जब्बार ह्या नावानं खेळला, त्याच स्काय हुकवर एनबीएमध्ये ३८,३८७ गुणांपर्यंत गेला, आणि तो विक्रम २०२३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. त्याचे कॉलेजचे कोच जॉन वूडन पहिल्या सरावाला काय शिकवायचे माहितीय? पायमोजे कसे घालायचे. घडी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. पायमोजे शिकवणाऱ्या ह्या माणसानं १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

डंक काढून घेतला तरी अल्सिंडॉरकडं काहीतरी उरलं. माती काढून घेतली तरी खाशाबांकडंही उरलं: पायांची चपळाई आणि पकड. पाया ओळखायची माझ्या मते हीच कसोटी. आवडतं मैदान, आवडता नियम आणि आवडतं पब्लिक काढून घ्या. मग जे शिल्लक राहतं, तो पाया.

हेलसिंकी

लंडननंतरची चार वर्षं खाशाबांनी गादीच्या कुस्तीला दिली. हे म्हणायला सोपं आहे. मातीतच इनाम, मातीतच नाव, आणि पोरगा तयारी करतोय अशा कुस्तीची जी आपल्या गावात कुणी बघायलाही येणार नाही. वजनगटही वाढला, ५७ किलोचा बँटमवेट.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. आणि ज्यांनी पूर्वी कॉलेजच्या स्पर्धेत उतरू दिलं होतं, त्या खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२ चे सात हजार. एका विद्यार्थ्यासाठी. तेही अशा खेळात जो आपल्याकडं मैदान भरवत नाही.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाचा एड्रियन पोलिकिन, मेक्सिकोचा लिओनार्डो बसुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ ह्यांना हरवलं. मग जपानचा शोहाची इशी. पंधरा मिनिटांची दमवणारी लढत, आणि खाशाबा निसटते हरले. ह्या इशीनं पुढं सुवर्ण घेतलं, त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण. त्यानंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी कुस्ती लागली. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण खाशाबांची बाजू मांडायला तिथं भारतीय अधिकारीच हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२, कांस्यपदक.

म्हणजे पाया फक्त खेळाडूचा असून भागत नाही. नियमपुस्तक वाचलेला एक माणूस वेळेवर जागेवर असणं, हेसुद्धा बेसिकच आहे.

गहाण घर कोणी सोडवलं?

परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतरची गोष्ट मला जास्त आवडते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं, अशी आठवण सांगितली जाते.

जरा थांबून विचार करा. पदक गादीनं दिलं, पण त्या पदकाचं कर्ज फेडलं ते मातीच्या मैदानानं. हलगी, शड्डू, इनाम आणि तिकीट काढून आलेल्या पब्लिकनं. म्हणून मी शायनिंगला शिव्या घालणाऱ्यांच्या पंगतीत बसत नाही. ज्या तमाशामुळं मैदान भरतं, त्याच मैदानातून खेळाला पैसा येतो. प्रश्न एवढाच, की तो पैसा पुढं कुठं जातो. पहाटेच्या तालमीत जातो, की पुढच्या मोठ्या फ्लेक्सवर?

त्याच काळात मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग ह्यांच्या लढतींना तुडुंब गर्दी व्हायची. त्यालाही फ्रीस्टाईल कुस्तीच म्हणायचे. खाशाबांनी पदक मिळवलं तो ऑलिम्पिकचा प्रकारही फ्रीस्टाईलच. आज मराठी पेपरात ‘फ्रीस्टाईल हाणामारी’ असा मथळा येतो तेव्हा आपल्याला कुठली फ्रीस्टाईल आठवते? पदकवाली नक्कीच नाही. भाषेनं कुणाला लक्षात ठेवलं, ते ह्यावरून समजून घ्या.

खाशाबा १९५५ मध्ये पोलिसात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मधली ७२ वर्षं

कोल्हापूरनं त्यानंतर पैलवान दिले नाहीत असं नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ ला हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. नावं घेतली तरी अंगावर काटा येतो. पण महाराष्ट्राच्या पैलवानानं कुस्तीत ऑलिम्पिक पदक आणलं ते खाशाबांनीच, त्यानंतर कुणी नाही. भारताला कुस्तीतलं दुसरं पदक २००८ ला बीजिंगमध्ये सुशील कुमारनं मिळवून दिलं, तो दिल्लीचा. अंगात ताकद, पोटात खुराक, डोक्यात डाव हे सगळं आपल्याकडं होतं. पण टाळ्या, इनाम आणि गदा बराच काळ मातीकडंच राहिली, आणि पोरं तिकडंच गेली. त्यात पोरांचा काय दोष? आता महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

महाराष्ट्राच्या खेळाडूचं दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक यायला ७२ वर्षं लागली, आणि ते पुन्हा कोल्हापूर जिल्ह्यातच आलं. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, कांस्य. पात्रता फेरीत सातवा होता, अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर तिसरा आला. खेळ कसला, तर श्वास धरायचा, स्थिर राहायचं आणि बोट हळूच दाबायचं. ह्या खेळात शायनिंग मारायला जागाच नाही. तुम्ही जितके कमी हलाल तितके चांगले.

तर आता पुढच्या वेळी कॉलेजच्या मॅचला जाल तेव्हा शिट्टी जरूर वाजवा, नो-लूक पासला तर वाजलीच पाहिजे. पण बॉल गेल्यावर डिफेन्सला परत पळणाऱ्या त्या पोराकडंही एकदा बघा, आणि एक टाळी त्याच्यासाठी ठेवा. कारण पब्लिक ज्याला टाळी देतं, तेच पुढच्या वर्षीची बारकी पोरं घोटून घोटून शिकतात. खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून जे केलं, त्याची आपल्या वाट्याला आलेली फुकटातली आवृत्ती एवढीच आहे.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पायमोजे नीट घाला.